हेक्सेनची वाफ

बेळगावच्या नेहरूनगरात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. २००६ साली ती विभागीय वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. सह्याद्रीतल्या औषधी वनस्पती हा तिच्या कामाचा मोठा भाग. वनस्पतींवर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाला, साल, मुळ्या सावलीत वाळवून त्यांची भरड केली की पुढची वाट ठरलेली असते. त्या भरडीवर एकामागून एक द्रावक चालवायचे. आधी तेलकट पदार्थ ओढून घेणारा, मग मधल्या स्वभावाचे, शेवटी अल्कोहोल आणि पाणी. या रांगेत पहिला क्रमांक बहुधा हेक्सेनचा किंवा त्याच्या जवळच्या पेट्रोलियम ईथरचा असतो. पानातले मेण, मेद आणि तेल हेक्सेन उचलते, बाकीचे मागे ठेवते. त्याची ही निवड इतकी स्वच्छ असते की त्याच्यावाचून वनस्पतिरसायनाचे काम अडते.

बेळगावहून कोल्हापूरच्या दिशेने निघाले की निपाणी लागते. निपाणीची ओळख तंबाखूची. तंबाखू म्हटले की आपल्याला निकोटीन आठवते, पण त्याच पानात सोलानेसोल नावाचा ४५ कार्बनांच्या लांब साखळीचा एक अल्कोहोलही असतो. १९५६ मध्ये अमेरिकन रसायनज्ञांनी तो तंबाखूतून पहिल्यांदा वेगळा केला. हृदयरोग्यांना दिल्या जाणाऱ्या को-एन्झाइम क्यू-१० या पूरक औषधाच्या निर्मितीत तो कच्चा माल म्हणून लागतो. पानातून तो बाहेर काढायला जे द्रावक वापरतात त्यात हेक्सेन अग्रभागी आहे. विडीसाठी पिकवलेल्या पानाचा विडीपलीकडे काही उपयोग व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, आणि मी त्यांतला एक आहे, त्यांनी हे द्रावक नीट ओळखून घेतले पाहिजे.

तसे ते आपल्या स्वयंपाकघराच्याही जवळ आहे. सोयाबीनच्या दाण्यात तेल थोडे, जेमतेम पाचवा हिस्सा. घाण्यात ते नीट सुटत नाही. म्हणून दाण्याचे पातळ पापुद्रे करून त्यांवर हेक्सेन फिरवतात, तेल त्यात उतरते, मग हेक्सेन उकळून परत मिळवतात आणि तेल मागे उरते. रिफाइंड तेलात दहा लाख भागांमागे हेक्सेनचा अंश पाच भागांपेक्षा जास्त नसावा, असा भारतातला नियम आहे.

हेक्सेन म्हणजे सहा कार्बन आणि चौदा हायड्रोजन, बस्स. ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही. पाण्यासारखे नितळ, पाण्यात जवळजवळ न मिसळणारे, आणि पाण्याच्या दोन-तृतीयांश वजनाचे. बाजारात ‘हेक्सेन’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीत सरळ साखळीच्या एन-हेक्सेनबरोबर त्याच सूत्राची, फांद्या फुटलेल्या साखळीची रूपेही मिसळलेली असतात. समुद्रसपाटीवर एन-हेक्सेन ६९ अंश सेल्सिअसला उकळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब तिथे मुंबईपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी, त्यामुळे गणित मांडले तर बेळगावात ते ६६ अंशांच्या आसपासच उकळायला लागते. पुस्तकातला आकडा पाहून तापमान लावणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

उत्कलनबिंदूपेक्षा महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगी लागताच भडका उडेल एवढी वाफ ज्या किमान तापमानाला जमते, त्याला ज्वलनांक म्हणतात. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा हात रॉकेलवर बसलेला आहे. रॉकेलचा ज्वलनांक ३५ अंशांच्या वर असतो, म्हणून थंडीच्या सकाळी सांडलेले रॉकेल लगेच भडकत नाही आणि आपण निर्धास्त होतो. हेक्सेनचा ज्वलनांक शून्याखाली २२ अंश आहे. म्हणजे बेळगावच्या डिसेंबरातल्या कडाक्याच्या पहाटेसुद्धा, किंबहुना घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातसुद्धा, उघड्या हेक्सेनवर पेटण्याजोगी वाफ तयार असते. साधा फ्रिज हा हेक्सेनच्या दृष्टीने धोक्याची जागा ठरतो तो यामुळेच. आतला दिवा आणि थर्मोस्टॅट चालू-बंद होताना बारीक ठिणगी पडते, आणि बंद पेटीत वाफ कोंडलेली असते. ज्वलनशील द्रावकांसाठी वेगळा, आतून ठिणगीमुक्त केलेला फ्रिज मिळतो. तो नसेल तर बाटली फ्रिजबाहेरच बरी.

पेटतो तो द्रव नव्हे, पेटते ती हवेत मिसळलेली वाफ. हे एक वाक्य पक्के केले तर हाताळणीचे जवळजवळ सगळे नियम आपोआप सुचतात.

हवेत हेक्सेनची वाफ १.१ टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असेल तरच मिश्रण पेटते. खालच्या मर्यादेचा अर्थ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बेळगावच्या दाबाला आणि २५ अंशांना एक लिटर हेक्सेन पूर्ण उडाले तर सुमारे २०० लिटर वाफ होते. ही वाफ १.१ टक्का प्रमाणात हवेत पसरली तर सुमारे १८ हजार लिटर हवा पेटण्याजोगी होईल. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच एवढी ती जागा. बाटली मात्र एकच, टेबलाच्या कडेवरून निसटलेली.

प्रत्यक्षात वाफ अशी सारखी पसरत नाही. ती हवेच्या तिप्पट जड असते. घरातला एलपीजी गळला की तो जमिनीलगत साचतो, हे गॅस एजन्सीच्या माणसाकडून आपण ऐकलेले असते. हेक्सेनची वाफ त्याहूनही जड, त्यामुळे ती टेबलावरून खाली उतरते, फरशीवरून सरपटत जाते, दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत पोचते. तिथे कोणी स्पिरिटचा दिवा लावलेला असला तर ज्योत वाफेच्या त्या पट्ट्यावरून उलटी धावत बाटलीपर्यंत येते. ‘माझ्या टेबलावर तर आग नव्हती’ हे वाक्य अशा अपघातांनंतर पुष्कळदा ऐकू येते, आणि ते खरेही असते.

वाफ किती दूर जाऊ शकते याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराचे. तिथल्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यातून हेक्सेन शहराच्या सांडपाण्याच्या भुयारी गटारात गेले. पाण्यावर तरंगत ते पुढे सरकले, त्याची वाफ गटारांत भरली. १३ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारीच्या ठिणगीने ती पेटली आणि सुमारे तीन किलोमीटर लांबीचे रस्ते उखडले, गटारे कोसळली. पहाटेची वेळ होती, म्हणून प्राणहानी झाली नाही. ही हकीकत मी प्रयोगशाळेच्या बेसिनसाठी सांगतो आहे. उरलेले हेक्सेन, धुण्याचे हेक्सेन, ‘एवढेसे’ हेक्सेन बेसिनमध्ये ओतायचे नाही. त्यासाठी घट्ट झाकणाची, नाव लिहिलेली वेगळी बाटली ठेवायची आणि ती जमा करून अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यायची. तिच्यात आम्ल किंवा ऑक्सिडीकारक काही मिसळायचे नाही.

आता ठिणगीचा विचार. हेक्सेन-हवेचे योग्य मिश्रण पेटवायला पाव मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. थंडीत स्वेटर काढताना किंवा दाराच्या मुठीला हात लावताना बोटाला जो चटका जाणवतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असते. जी ठिणगी आपल्याला जाणवतसुद्धा नाही, तीही पुरेशी आहे. त्यात हेक्सेन विजेचे अतिशय वाईट वाहक, त्यामुळे नळीतून वाहताना किंवा उंचावरून ओतताना त्याच्यात स्थितिक विद्युत साठत जाते आणि लवकर निचरत नाही. मोठ्या पिंपातून लहान धातूच्या डब्यात काढताना दोन्ही भांडी तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडायची, ओतण्याचा वेग कमी ठेवायचा, हा नियम यातून येतो. प्लास्टिकच्या बादलीत हेक्सेन काढू नये. प्लास्टिक जमिनीला जोडता येत नाही. आपल्या भागात पावसाळ्याचे दमट महिने याबाबतीत जरा दयाळू असतात, पण जानेवारीपासून एप्रिलपर्यंतची कोरडी हवा नाही.

ज्योतीचीही गरज नसते. २२५ अंशांना हेक्सेनची वाफ आपोआप पेटते, आणि प्रयोगशाळेतली हॉटप्लेट सहज त्यापुढे जाते. म्हणून हेक्सेन तापवायचे ते पाण्याच्या किंवा तेलाच्या कुंडात, अथवा तापमान आवरलेल्या हीटिंग मँटलवर. उघड्या चंचुपात्रात कधीच नाही.

सॉक्सलेट उपकरण आपल्या विज्ञान महाविद्यालयांत सर्रास दिसते. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या शेतीरसायनज्ञाने १८७९ मध्ये दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी ते योजले. खाली गोल बुडाच्या चंबूत द्रावक उकळते, वाफ वर जाते, कंडेन्सरमधल्या गार पाण्याने थंड होऊन भरडीवर ठिबकते, भरले की वक्रनळीने पुन्हा चंबूत उतरते. तास न्‌ तास हे चक्र चालते. या साऱ्या रचनेचा जीव कंडेन्सरमधून वाहणाऱ्या पाण्याच्या धारेत असतो. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी आटते, खालच्या मजल्यावर कोणी तोट्या सोडल्या की वरचा दाब उतरतो, जुनी रबरी नळी निसटते. चंबू मात्र तापतच राहतो आणि थंड न झालेली वाफ वरच्या तोंडातून खोलीत येऊ लागते. सॉक्सलेट लावून जेवायला जाणे, रात्रभर चालू ठेवून कुलूप लावणे ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती बंद व्हावी अशी माझी कळकळ आहे. पाण्याच्या नळ्यांना दोन्ही टोकांना क्लिप असावी, पाण्याची बादली आणि लहान पंप असे बंद चक्र करता आले तर उत्तम, आणि उपकरणाजवळ माणूस असलाच पाहिजे. चंबूत उकळीसाठीचे खडे थंड असतानाच टाकावेत. तापलेल्या द्रावकात खडा टाकला तर ते एकदम उसळून बाहेर येते.

फ्यूम हूड, म्हणजे वाफ बाहेर ओढून नेणारे कपाट, असेल तर हे सगळे त्यात, काच खाली ओढून. हूड बंद पडलेला असेल, आणि लहान गावांतल्या महाविद्यालयांत तो पुष्कळदा सामान ठेवायचे कपाट झालेला असतो, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. त्याचा खर्च टाळून नवी उपकरणे घेणे मला चुकीचे वाटते.

अंगावरचे कपडे हा विषय आपण हलका समजतो. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक हवेच्या स्पर्शाने पेटणारे संयुग सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या सुटला, द्रव पेटला, आणि जवळच उघड्या चंबूत ठेवलेले हेक्सेनही सांडून भडकले. तिच्या अंगावर ॲप्रन नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. तो वितळून कातडीला चिकटला. अठरा दिवसांनी ती गेली. त्यानंतर त्या विद्यापीठावर आणि तिच्या प्राध्यापकांवर फौजदारी खटला भरला गेला आणि अनेक प्रयोगशाळांचे नियम बदलले. म्हणून अंगावर सुती ॲप्रन, डोळ्यांना गॉगल, हाताला नायट्राइलचे मोजे हवेत. दवाखान्यातले साधे लॅटेक्सचे मोजे हेक्सेनपुढे टिकत नाहीत. आणि कामाच्या जागेजवळ त्या क्षणी लागणार नाही असे एकही उघडे द्रावक नको.

बाटली फुटलीच तर पहिली प्रतिक्रिया आपल्या हाताची असते: पंखा लावायचा. तो लावू नये. बटण लावले काय आणि बंद केले काय, ठिणगी दोन्ही वेळा पडते. जळत्या ज्योती विझवाव्यात, खिडक्या-दारे उघडावीत, सगळ्यांना बाहेर काढावे, आणि थोडेच सांडले असेल तर वाळूत किंवा शोषक मातीत टिपून घ्यावे. आग लागली तर पाण्याची बादली उपयोगाची नाही. हेक्सेन पाण्यावर तरंगते आणि जळत जळत पाण्याबरोबर पसरते. कोरडी भुकटी, कार्बन डायऑक्साइड किंवा फेस यांचे अग्निशामक आणि लहान आगीला वाळूची बादली, ही खरी साधने. चंचुपात्राच्या तोंडाशी लागलेली आग नुसत्या धातूच्या झाकणानेही विझते.

आपल्या सीमाभागात कायद्याचा प्रश्न जरा वेगळा उभा राहतो. निपाणी कर्नाटकात; शहराला लागून असलेले अर्जुननगर आणि तिथले देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. एकाच बाजारपेठेतली महाविद्यालये दोन वेगळ्या विद्यापीठांना जोडलेली आहेत. पेट्रोलसुद्धा नाक्याच्या अलीकडे-पलीकडे वेगळ्या दराने मिळते. हेक्सेनला मात्र ही सीमा लागू नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा केंद्राचा आहे, तो दोन्हीकडे सारखा आहे, आणि तो राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. ज्वलनांक २३ अंशांखाली असलेली द्रव्ये या कायद्यात ‘अ’ वर्गात येतात, म्हणजे हेक्सेनही. विक्रीसाठी नसेल तर असे द्रव्य ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते, पण घट्ट बुचाच्या भांड्यात. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे नको आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नको. अडीच लिटरच्या काचेच्या बाटल्या कपाटात रांगेने उभ्या करताना ही तरतूद किती जणांना आठवते?

इथपर्यंत आगीबद्दल झाले. हेक्सेनचा दुसरा धोका मंद आहे, आणि माझ्या मते सीमाभागाला तो अधिक लागू आहे.

श्वासातून शरीरात गेलेले एन-हेक्सेन यकृतात बदलत जाते आणि त्यापासून हेक्सेनडायोन नावाचे संयुग बनते. ते मज्जातंतूंच्या आतल्या प्रथिनांना चिकटून त्यांची एकमेकांशी गाठ मारते. सर्वांत लांब मज्जातंतू आधी निकामी होतात, म्हणून पायाची बोटे बधिर होतात, मग तळवे, मग हात. पुढे पावले उचलताना जड वाटू लागते, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. काम सोडले तरी काही महिने त्रास वाढतच जातो, आणि मग हळूहळू उतरतो. काहींना पूर्ण बरे वाटत नाही.

जपानमध्ये १९६० च्या दशकात घरोघरी प्लास्टिकच्या सँडल चिकटवणाऱ्या कामगारांत हा आजार दिसला. १९६९ मध्ये ९३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. कारण होते गोंदातले हेक्सेन आणि कोंदट खोल्या. इटलीच्या चप्पल-बूट कामगारांतही तेच घडले. चीनच्या सूचौमध्ये २००९-१० च्या सुमारास मोबाइलच्या काचा पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्सेन वापरले गेले, कारण ते लवकर वाळते. १३७ कामगार आजारी पडले.

ही उदाहरणे वाचताना मला अथणी, निपाणी, कोल्हापूर दिसते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यांत एक. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवलेली असते, तिला गोंदाची गरज नसते. पण स्वस्त, झटपट बनणाऱ्या चपलांत, बुटांच्या तळव्यांत, पंक्चरच्या दुकानात रबर सोल्यूशन लागतेच, आणि अशा काही सोल्यूशनांत हेक्सेन असते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग वंगणमुक्त करायला जे थिनर आणि पेट्रोल वापरतात, त्यांतही याच कुळातले पदार्थ असतात. गोंदावर चालणारा चिकटपट्ट्यांचा उद्योगही बेळगावजवळ आहे.

कामगाराच्या मज्जातंतूंसाठी आठ तासांच्या पाळीत सरासरी दहा लाखांत ५० भाग ही मर्यादा अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवली आहे. आग लागायला लागते ती वाफ याच्या २२० पट. म्हणजे ज्या खोलीत आगीची काहीच भीती नाही, त्या खोलीतही रोज बसणाऱ्याचे पाय बधिर होऊ शकतात. वास येतो पेट्रोलसारखा, सौम्य. थोड्या वेळाने नाक सरावते आणि तोही जाणवेनासा होतो. नाकावर विसंबून हा धोका ओळखता येत नाही.

सुदैवाने याला उपाय आहे, आणि तो साधा आहे. सात कार्बनांचे हेप्टेन जवळजवळ तीच कामे करते, ९८ अंशांना उकळते, हवेत कमी उडते, आणि मज्जातंतूंवर त्याचा असा परिणाम फारच कमी. महाग पडते, तापवायला जास्त ऊर्जा लागते, आणि पेटते तेही. त्यामुळे आगीचे वरचे सगळे नियम त्यालाही लागू. पण जिथे हेक्सेनच हवे असा आग्रह नाही, तिथे हेप्टेनकडे वळायला हरकत नसावी.

तुम्ही बेळगाव-निपाणी भागात शिकवत असाल, शिकत असाल किंवा चपलांचे, रबराचे, सुट्या भागांचे काम करत असाल, तर आपल्या खोलीतल्या बाटल्यांवरची नावे एकदा वाचून पाहा. ‘हेक्सेन’ किंवा ‘पेट्रोलियम ईथर’ लिहिलेले असेल तर त्या बाटलीची क्षमता पाहा, झाकण पाहा, आणि खिडकी उघडते का ते पाहा. नाव न लिहिलेले सोल्यूशन विकणाऱ्या दुकानदाराला त्यात काय आहे ते विचारा, आणि तो सांगू शकला नाही तर ते घेऊ नका.